आधी आपली चूक

योगिताच्या वडिलांना पैसे मागता येत नाहीत, असं उधवा गावात सगळे म्हणायचे. ते खरं नव्हतं. चिमणदादांना पैसे मागता येत होते. फक्त मागण्याआधी ते स्वतःची एखादी चूक सांगत, आणि त्यात इतके रमत की मागणं शेवटच्या ओळीत कसंबसं उरकायचं. ही त्यांची एकट्याची खोड नव्हती. त्यांच्या पाड्यात पंचांसमोर बसायची रीतच तशी होती. जो मागायला आलाय त्याने आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग समोरच्याने त्याचं सांगायचं, आणि दोन्हीकडचं सांगून झालं की मग मागणं. बैलाने शेत खाल्लं म्हणून भरपाई मागणारा आधी कबूल करी, की कुंपण माझंच मोडकं होतं. मग बैलवाला म्हणे, दावं झिजलंय हे मलाही आठवडाभर दिसत होतं. एवढं झाल्यावर भांडायला फारसं काही उरत नसे आणि पंच चहा पिऊन उठत.

पाड्यात ही रीत झकास चालते. मुंबईत कचेरी असलेल्या कंपनीशी ती चालवायची नसते, हे चिमणदादांना कोणी सांगितलं नव्हतं. योगिता बी.कॉम. होती, तिनेही सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

चिमणदादांची गवताची वखार तलासरीच्या रस्त्याला होती. पाऊस उघडला की डोंगरउतारावर कमरेएवढं गवत उभं राहतं. बायका ते विळ्याने कापतात, वाळवतात, भारे बांधून वखारीत आणतात. काट्यावर वजन होतं आणि किलोमागे मजुरी लिहिली जाते. मग प्रेस मशीन ते गवत दाबून तारेने आवळलेल्या चौकोनी गाठी करतं, आणि ट्रक गोठ्यांकडे निघतात. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे लहानसहान तबेलेवाले. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दूध कंपनीचे खरेदी अधिकारी आले आणि म्हणाले, तुमचं सगळं गवत आम्हीच घेतो. त्या दिवशी चिमणदादांनी वखारीच्या दारात नारळ फोडला, आणि प्रेसला हळदकुंकू लावून मशीनची किल्ली कमरेच्या दोऱ्याला बांधली.

माल पारखायची त्यांची तऱ्हा हाताची होती. भारा आला की ते कोपरापर्यंत हात आत खुपसत, बाहेर काढून तळवा हुंगत आणि मान हलवत. पहिला मोसम असाच गेला. दुसऱ्या मोसमात त्यांचा उजवा खांदा धरला. शिवाय कंपनीने पैसे थकवायला सुरुवात केली होती, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस त्यांना कंपनीच्या कचेरीतल्या बाकावर काढावे लागत. म्हणून काट्यावर योगिता बसली. काटा नवा होता, लाल आकडे दाखवणारा. आकडा वहीत आणि वही संध्याकाळी कॉम्प्युटरवर, इतकं तिचं काम चोख. भाऱ्यात हात घालायचं तिच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या गवताने अंगाला भयंकर खाज सुटते.

दोन मोसम संपले तेव्हा कंपनीकडे एक कोटी अठरा लाख रुपये अडकले होते. त्यातला ट्रकवाल्यांचा, डिझेलचा आणि तारेचा वाटा चिमणदादांनी इकडून तिकडून भागवला. राहिली ती गवत कापणाऱ्या एकशे बारा बायकांची अर्धी मजुरी, अठरा लाख. टोळीची मुकादमीण बुधी दर आठवडी बाजाराच्या दिवशी वखारीत येऊन बसायची. आवाज चढवायची नाही, काही नाही. पाणी प्यायची, तंबाखू मळायची, आणि जाताना विचारायची, "काय कळला, दादा?" चिमणदादांनी तिला शब्द दिला होता: शिमग्याच्या आत सगळ्यांची मजुरी हातात.

त्या शब्दामुळे योगिताची झोप उडाली होती. वडिलांनी आयुष्यात कोणाला दिलेला शब्द फिरवल्याचं तिने पाहिलं नव्हतं, आणि या शब्दाचं काय होणार हे तिच्या हातून गेलेल्या कागदांवर ठरणार होतं.

ते कागद म्हणजे कंपनीला पाठवलेली अकरा पत्रं. चिमणदादा सांगत, ती टाइप करी, ते सही करत. पहिल्या पत्रात चूक होती, की ट्रक एक दिवस उशिरा पोचला. दुसऱ्यात दोन गाठींची तार सुटली. तिसऱ्यात आपला ड्रायव्हर कंपनीच्या वॉचमनशी वाद घालून आला. सगळ्या खऱ्या चुका होत्या आणि प्रत्येकीनंतर खाली एक ओळ, तेवढे बिलाचे बघावे. पाच पत्रांत चुकांचा साठा संपला. सहाव्या वेळी योगिताने विचारलं, "बाबा, आता काय लिहू?"

"लिही काहीतरी," ते खांदा चोळत म्हणाले. "माणूस म्हटल्यावर चूक असतेच. शोध."

तिने शोधली. सहाव्या आणि सातव्या पत्रात किरकोळ काहीबाही बसवलं. आठव्या पत्रात पहिल्यांदा संपूर्ण रक्कम एकदम मागायची होती, आणि एवढ्या मोठ्या मागण्याआधी तार सुटल्याची चूक फारच चिल्लर दिसेल असं तिला वाटलं. मागणं मोठं तर चूकही तोलामोलाची हवी. तिने लिहिलं: "मागील मोसमातील अंदाजे एक चतुर्थांश गाठींमध्ये ओल व बुरशी होती, ही आमची चूक आम्हांस मान्य आहे." वाक्य तिला चांगलं वजनदार वाटलं. चिमणदादा त्या दिवशी खांद्याला शेक घेत होते. त्यांनी न वाचता सही केली, आणि पुढच्या तीन पत्रांत तिने तेच वाक्य तसंच ठेवलं.

कंपनीने अकरांपैकी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

मग दिवाळीनंतर ती डहाणूला मनिष वकिलांकडे गेली. वकील मूळचे नरपडचे, स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. माणूस तरतरीत होता, आणि समजावून सांगायची हौस होती.

"दिवाणी कोर्टात गेलात तर तुमची मुलं निकाल ऐकतील," ते म्हणाले. "दुसरा रस्ता आहे. थकबाकी एक कोटीच्या वर आहे, म्हणून दिवाळखोरीच्या कायद्याखाली नोटीस काढता येते. दहा दिवसांत पैसे द्या किंवा उत्तर द्या. नाही दिले, तर आपण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात अर्ज लावतो. अर्ज दाखल करून घेतला, की कंपनीचा कारभार मालकांच्या हातून जातो. त्या भीतीनेच अर्धे लोक पैसे देऊन टाकतात."

"आणि त्यांनी उत्तर दिलं तर?"

"उत्तरात काय असेल त्यावर आहे. या देण्याबद्दल आधीपासून खराखुरा वाद चालू आहे असं त्यांनी दाखवलं, तर न्यायाधिकरण अर्जाला हात लावत नाही. तिथे कर्जबुडव्यांना धरतात, भांडणं सोडवत नाहीत. पण तो वाद आपल्या नोटिशीच्या आधीचा हवा. नोटीस हातात पडल्यावर सुचलेली भांडणं चालत नाहीत." त्यांनी पेन उचललं. "मालाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली होती? पत्र, ईमेल, व्हॉट्सॲप, काहीही?"

"कधीच नाही," योगिता म्हणाली. हे अगदी खरं होतं.

"आणि तुमच्याकडून काय गेलंय त्यांना?"

"बिलं. आणि आठवणीची पत्रं."

बिलं, वजनाच्या पावत्या, पोच दिल्याच्या सह्या तिने नीट फाइल करून आणल्या होत्या. पत्रं आणली नव्हती. आठवणीच्या पत्रांत काय असायचं, असं वकिलांनाही वाटलं असावं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नोटीस गेली. योगिताने घरी येऊन दहा दिवस कॅलेंडरवर मोजले, आणि बुधीला सांगितलं, की यंदा शिमगा गोड होणार.

नवव्या दिवशी मनिष वकिलांचा फोन आला. "ताबडतोब या. एकट्या या."

टेबलावर कंपनीचं उत्तर पडलं होतं, बोटभर जाडीचं. आत अकराच्या अकरा पत्रं, प्रत्येकावर वडिलांची ती वळणदार सही. कंपनीने म्हटलं होतं, की पुरवठादार स्वतःच चार-चार वेळा माल खराब असल्याचं मान्य करतो, त्या गवताने आमची जनावरं आजारी पडली, आमचंच नुकसान तुमच्या बिलापेक्षा जास्त आहे, आणि हा वाद नोटिशीच्या कितीतरी आधीचा आहे. खाली पुरावा म्हणून तुमच्याच पत्राची तारीख.

मनिष वकिलांनी आठवं पत्र मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"का लिहिलं? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

तिने पाड्यातली रीत सांगितली. सांगता सांगता तिला स्वतःलाच ती वेड्यासारखी वाटायला लागली, आणि आपल्याच माणसांची लाज वाटली म्हणून वर आणखी लाज वाटली. वकिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते खिडकीजवळ गेले.

"कंपनीला एवढी वर्षं मालात खोट सापडली नाही," ते म्हणाले, "ती तुम्ही त्यांना टाइप करून, सही करून, रजिस्टर पोस्टाने पाठवलीत. बरं. माल खरंच ओला होता का?"

"नाही."

"एकही गाठ?"

"एकही नाही. मी मनाने लिहिलं ते. काट्यावर मीच होते."

"मग एक मार्ग आहे. तुम्ही शपथपत्र करायचं, की ही वाक्यं रिवाजापोटी लिहिली, वस्तुस्थिती तशी नव्हती, एकही गाठ ओली नव्हती. आपण म्हणू, हा वाद नुसता कागदावरचा आहे. अशा पोकळ वादांना न्यायाधिकरण भीक घालत नाही. कराल?"

"करीन."

"खात्री आहे ना? शपथ आहे ही."

"आहे," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच खात्री होती. तिच्या वहीत एकूण एक भाऱ्याचं वजन होतं.

घरी तिने वडिलांना एवढंच सांगितलं, की कंपनीने आपली जुनी पत्रं लावली आहेत, त्यात ट्रक उशिरा गेल्याचं वगैरे आहे. ओलीचं वाक्य तिने गिळलं. चिमणदादा समाधानाने म्हणाले, "लावू देत की. आपण चूक लपवत नाही हे साहेबांनाही दिसेल." त्यानंतर कितीतरी दिवस तिला त्यांच्यासमोर जेवण गोड लागलं नाही.

अर्ज लागला. तारखा पडल्या. कंपनीच्या मुंबईच्या वकिलांनी दोनदा मुदत मागितली. शेवटी सुनावणी आली ती शिमग्याच्या बारा दिवस आधी. ती व्हिडिओवर होणार होती म्हणून मनिष वकिलांच्या ऑफिसातच सगळे बसले. चिमणदादा धुतलेला सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून आले होते. त्यांनी पडद्याला नमस्कार केला, तो तिकडे कोणाला दिसला नसावा.

त्यांचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. सगळं इंग्रजीत चाललं होतं. कंपनीचा वकील सावकाश, अजिबात न रागावता बोलत होता. त्याने एक कागद वाचायला घेतला, आणि वाचताना मध्येच मराठी वाक्य आलं. मुंबईच्या माणसाने अडखळत उच्चारलेलं, पण स्पष्ट. एक चतुर्थांश गाठींमध्ये ओल व बुरशी होती.

चिमणदादा पुढे वाकले. "काय वाचतो तो? कोणाचा कागद?"

"आपला," योगिता म्हणाली.

"चौथा हिस्सा माल कुजका, असं मी कधी सांगितलं?"

तिने मान खाली घातली. "तुम्ही नाही सांगितलं. मी लिहिलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढंच केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मनिष वकील बोलायला उभे राहिले आणि चांगलं बोलले. रीत समजावली, शपथपत्र दाखवलं, कंपनीने दोन वर्षांत एक ओळ तक्रारीची लिहिलेली नाही हे ठासून सांगितलं. पडद्यावरच्या न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. तो मनिष वकिलांनी नंतर चिमणदादांना मराठीत सांगितला. सदस्य म्हणाले होते, तुमच्याच बाजूने एकदा लिहिलंय की माल खराब होता, आणि आता शपथेवर लिहिलंय की नव्हता. यातलं खोटं कधी लिहिलं, तेव्हा की आत्ता?

वकिलांनी पुन्हा रिवाजाकडे बोट दाखवलं. सदस्य म्हणाले, असेलही तसं. कदाचित तुमचंच खरं असेल. पण कोणतं खरं हे ठरवायला साक्षी काढाव्या लागतील, गोठ्यांतून माहिती आणावी लागेल. ते काम आमचं नाही. कोण जिंकेल हे आम्ही बघत नाही, तपासण्यासारखा काही प्रश्न नोटिशीआधी होता की नाही, एवढंच बघतो. तो होता. अर्ज फेटाळला, पैसे मागायचे इतर मार्ग तुम्हाला मोकळे आहेत.

पुढचा नंबर पुकारला गेला. योगिताला वाटलं, आपण खरं बोलायला गेलो आणि त्या खऱ्याचाच त्यांनी पुरावा केला. दोन शब्दांत तफावत आहे म्हणजे वाद आहे, आणि दोन्ही शब्द आपलेच.

"आता?" चिमणदादांनी विचारलं.

"दिवाणी दावा," मनिष वकील म्हणाले. "तिथे माल सुका होता हे सिद्ध करू. साक्षीदार आहेत, वह्या आहेत. वेळ लागेल."

"शिमग्यापर्यंत?"

वकिलांनी फाइल बंद केली. त्यांनी त्या दिवसाची फी घेतली नाही.

डहाणूहून परतताना, तलासरीहून पुढे उधव्याला जाणाऱ्या टेम्पोत बापलेक शेजारी बसले होते. नाक्यावर टेम्पो थांबला तेव्हा चिमणदादा पहिल्यांदा बोलले. "बायकांना तूच सांगायचं. आणि रीतीने सांगायचं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वखारीत तीसेक बायका आल्या, बाकीच्यांचा निरोप बुधीकडे होता. दोन मोसमांपूर्वी इथे छपरापर्यंत गाठी लागायच्या. आता मागच्या भिंतीला, ट्रकमध्ये न मावलेल्या वीस-पंचवीस गाठी तेवढ्या पडल्या होत्या. कंपनीने माल उचलणं थांबवल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. बायका जमिनीवर बसल्या. बुधी नेहमीप्रमाणे पाणी प्यायली, पण आज तिने तंबाखू काढली नाही.

योगिता उभी राहिली. तिने तयारी करून आणलेली वाक्यं होती, त्यातलं एकही तिला आठवलं नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "कंपनीने काही म्हटलं नव्हतं. मीच पत्रात लिहिलं, की चौथा हिस्सा गवत ओलं होतं, कुजलं होतं. मनाने लिहिलं. खोटं लिहिलं. त्या एका ओळीमुळे आपला अर्ज गेला. शिमग्याला पैसे येणार नाहीत. कधी येतील ते सांगता येत नाही." मग ती बुधीकडे वळली. "तुमचं गवत चांगलं होतं आणि मी त्याला खराब म्हटलं. मला माफ करा."

तिने शिव्यांची तयारी ठेवली होती. पण बायका तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि मग एकेक करून सगळ्या बुधीकडे बघू लागल्या. बुधीने पदर डोक्यावर ओढून घेतला. फार वेळ ती जमिनीवरची गवताची काडी बोटाने इकडून तिकडे सारत राहिली.

"तुजा सांगून झाला?" तिने शेवटी विचारलं.

"झालं."

"मग आता आमी सांगू." ती चिमणदादांकडे वळली. "दादा, आमचा पण चुकला हाय. पैल्या वर्षी नाय. दुसऱ्या वर्षी. तुमी सांगला, कंपनी पैसे देत नाय, अर्धीच मजुरी घ्या. अर्धीत घर कसा चालवायचा? तुमी तर वखारीत नव्हते. काट्यावर पोरगी, ती आकडा बघे. मग आमी आतल्या दोन पेंढ्या ओहळात बुडवू, वरून सुकी पेंढी लावू. वजन भरे. सगळ्या नाय, पण बऱ्याच जणी. मी पन."

एकही गाठ ओली नव्हती, असं योगिताने शपथेवर लिहून दिलं होतं.

चिमणदादा उठले. खुंटीवरची पक्कड घेतली, मागच्या भिंतीपाशी गेले आणि सगळ्यात खालच्या गाठीच्या तारा त्यांनी एकामागून एक तोडल्या. गाठ फुगून उसासली. वरचं गवत पिवळंधमक होतं, अगदी जनावराने तोंड घालावं असं. त्यांनी धरलेला खांदा कसाबसा वाकवून कोपरापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढला. तळवा काळा झाला होता. त्यांनी तो हुंगला, आणि मग योगिताच्या नाकाशी धरला. कुबट, आंबूस वास तिच्या डोक्यात गेला. कंपनीच्या उत्तरात लिहिलेलं आजारी जनावरांचं प्रकरण तिने इतके दिवस धादांत खोटं मानलं होतं.

"चूक लिवायचीच होती तर आमाला विचारायची, बाय," बुधी हळू म्हणाली. "आमच्याकडं खरी होती."

कोणीतरी मागे रडायला लागलं. त्या रडणाऱ्या बाईला कोणी गप्प केलं नाही. चिमणदादा गाठीवरच बसले. ते एकदम म्हातारे दिसत होते. कंपनीने पैसे अडवले म्हणून यांनी गवत भिजवलं, आणि गवत भिजलं म्हणून आता कंपनीचं पैसे अडवणं बरोबर ठरणार, हे कंपनीच्या बाकावर बसून बसून झिजलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. उद्या दिवाणी दावा लावायचा तर माल सुका होता असं म्हणावं लागेल, आणि साक्षीला याच बायका उभ्या कराव्या लागतील.

"दोघांचा सांगून झाला," बुधी म्हणाली. आता ती ताठ बसली होती. "आता मागते. ओल्याचं वजन कापा. बाकीची आमची मजुरी द्या."

ते रीतीला धरून होतं. चूक सांगितल्यावर मागण्याचा हक्क येतो, आणि तिने तो घेतला होता. चिमणदादांनी कमरेच्या दोऱ्याला बांधलेली प्रेसची किल्ली सोडली आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"मशीन विकतो," ते म्हणाले. "सहा-सात लाख येतील. पहिले तुमचे. उरलेले जसे जमतील तसे."

त्यांनी नारळ फोडला तो दिवस योगिताला आठवला, आणि तिला तिथे उभं राहवेना. बुधीने किल्लीकडे बघितलं, पण ती उचलली नाही.

"किल्ली घेऊन मी काय करू," ती म्हणाली. "पोरीला सांगा, लिवून दे."

योगिताने टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि पेन उघडलं. वर तारीख घातली. बायका उठून तिच्याभोवती उभ्या राहिल्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही. इतक्या पत्रांच्या सवयीने तिचा हात पहिल्या ओळीवर थांबला, आणि तिने बुधीकडे पाहिलं.

"आधी चूक लिहू ना?"

बुधीने कागदावर बोट ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "चूक नको लिवूस. नुसते पैसे लिव."